तांबड्या जातो कुठे

चार दिवसांत तिसऱ्यांदा तांबड्या कुंपणावरून पळाला. ठाण्याच्या कचेरीत गावोगावच्या हद्दींचे नकाशे जपणाऱ्या श्रीपादरावांना स्वतःच्या अंगणातलं कुत्रं आवरेना! मेलं चेंदणीच्या कोळीवाड्यात सुकट खायला जातं, ब्राह्मणाच्या घरी राहून बाटलं, असं परस्पर ठरवून त्यांनी त्याला वेताने झोडपलं आणि कोलशेतच्या गुणाजीला बोलावून कुंपणावर बाभळीचे काटे चढवायला लावले.

काटे बांधता बांधता गुणाजी म्हणाला, "अप्पा, काटं कवरं लावाल? पयले बघा तरी, त्यो जातं कंय."

"तू तुझं काम कर!" श्रीपादराव खेकसले.

हल्ली ते सगळ्यांवरच खेकसत. त्यांची एकुलती एक लेक आवडा बारा वर्षांची. चार महिन्यांपूर्वी कुंकू पुसून माहेरी आली होती. रीतीप्रमाणे तिने वर्षभर कोपरा धरायचा, मागच्या अंधाऱ्या खोलीत बसायचं, एकदाच जेवायचं. पोर दोनदा अंगणात तांबड्याशी खेळायला धावली, आळी बोलली. रीत पूर्वजांची खरी, पण त्या खोलीला बाहेरून कडी घातली ती श्रीपादरावांनीच. त्या कडीचा आवाज त्यांना झोपेतही ऐकू येई.

रविवारी दुपारी काटे खसखसले. तांबड्या नाक रक्ताळून पलीकडे पडला. श्रीपादराव वेत घेऊन मागे धावले. कुत्रं कोळीवाड्याकडे वळलंच नाही. घराला वळसा घालून ते मागच्या बोळात शिरलं आणि खोलीच्या खिडकीखाली भिंतीला पाय टेकून उभं राहिलं. गजांतून एक बारीक हात बाहेर आला. हातात अर्धी भाकरी होती, तिच्या त्या एकाच जेवणातली.

"आलास? अगं बाई, नाकाला काय झालं? अप्पांनी काटे लावले ना? रागावू नकोस हं त्यांच्यावर. त्यांना वाटतं, तू पळतोस."

श्रीपादरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेत बोळातच टाकून ते घरात आले. घाईत कडी लवकर निघेना. अखेर दार उघडलं.

आवडा दचकून भिंतीला चिकटली. उरलेला तुकडा तिने पदराआड लपवला.

"मी कुठ्ठे गेले नाही हो, अप्पा," ती घाईघाईने म्हणाली. "इथेच बसलेय."