तोंडाने अंगीकार

प्रभुभोजनाच्या भाकरीच्या इवल्या तुकड्यांचं ते स्टीलचं तबक प्रांजलच्या पुढे केलेल्या हातावरून अलगद उचललं गेलं — वाटेतलं काही ओलं चुकवावं तसं — आणि पलीकडच्या बाईंच्या हाती गेलं. बावीस वर्षांच्या प्रांजलचा हात तसाच उघडा. जन्मापासून एक शब्द न बोललेली लेक आज आपणहून काही मागायला शिकली, आणि तेही इथे... नीलिमाने तो हात मुठीत दडवला. तिच्या स्वतःच्या तोंडातला तुकडा लगदा होऊन टाळूला चिकटला होता.

नवऱ्याची, प्रशांतची, बदली साताऱ्याला झाल्यापासून, दोन वर्षं, ते या बॅप्टिस्ट मंडळीत येत होते. तिचं मिरजेचं प्रेस्बिटेरियन ख्रिस्तमंदिर, जिथे तान्ह्या बाळांनाही बाप्तिस्मा देतात, मागे राहिलं होतं. उपासनेनंतरच्या चहात मंडळीचा कारभार बघणारे ‘वडील’ लालासाहेब बिस्किट बुडवत उभे होते. तिने त्यांना गाठलंच.

“तबक हिला का चुकवलं? हिचा बाप्तिस्मा झालाय. मिरजेला, तीन महिन्यांची असताना.”

“आवं ताई, त्यो बाप्तिस्मा न्हवं, नुसतं पाणी शिंपडलं. देवाचा करार इस्वास ठेवणाऱ्याशी हाय. तिनं सवताच्या तोंडानं कबूल कराय नगो व्हय?”

“अब्राहामाच्या घरी कराराची खूण म्हणून सुंता व्हायची, ती आठ दिवसांची पोरं काय कबूल करत होती? देवानं करार केला तो आईबापांशी, लेकरांसकट.”

“ती जुन्या कराराची गोष्ट. नव्यात ज्याला देव कळतो, त्योच.”

“मग हिनं जायचं कुठं?”

“ती देवाच्या दयेत हाय की!” लालासाहेब मायेने हसले. मिशीत बिस्किटाचा ओला चुरा अडकला होता. तिला किळसच आली — त्या चुऱ्याची, त्या मायेची, आणि बशीत खाली बघत चहा ओढणाऱ्या प्रशांतचीही.

घरी चालत जाताना तो म्हणाला, “पुढच्या रविवारी मिरजेला जाऊ. तिथं ती करारात आहे.”

आहे ना, नीलिमाच्या मनात आलं. मंदिराच्या वहीत नाव आहे... आणि सोळाव्या वर्षी तिच्या बरोबरीची मुलं पुढे उभी राहिली, विश्वासाचा अंगीकार करून पहिल्यांदा प्रभुभोजनाच्या मेजाशी आली, तेव्हा तिथल्या धर्मगुरूंनी, पाळकांनी, मला बाजूला घेतलं होतं. ती आपलीच हो, पण मेजासाठी समज लागते, थोडं थांबू, म्हणाले... आणि मी? मी मान डोलावली. नुसती डोलावली नाही — सुटल्यासारखं वाटलं मला. द्राक्षरसाचा प्याला सगळ्यांचा एकच होता, आणि प्रांजलच्या हनुवटीवरून लाळ गळते; बायका तोंडं फिरवतील ही धास्ती मला आदल्या रात्रीपासून होती. त्या पाळकांनी सबब दिली, मी ती अधाशासारखी घेतली, आणि सहा वर्षं अब्राहामाचं नाव घेत हिंडले.

“जायचं ना?” प्रशांतने विचारलं.

“नको.”

“मग इथंच?”

लालासाहेबांवरचा राग ती मनात चाचपत होती. मघापर्यंत किती स्वच्छ, धारदार होता तो... आता हाताला लागत नव्हता. शेजारी प्रांजल कसलासा सूर काढत मजेत चालली होती, हनुवटी ओली. सवयीने नीलिमाचा हात पर्सकडे गेला, रुमाल निघाला, आणि त्या तत्पर हाताची तिला इतकी शिसारी आली की ती पोवई नाक्याच्या गर्दीत मध्येच उभी राहिली.