पक्की नोकरी नाकारून

रुएनांच्या स्वयंपाकघरात रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. आयर्लंडच्या मेयोमधल्या या गावातून कुणी परदेशी निघालं, की आदल्या दिवशी सगळे जमतात, हॅमची सँडविचं खातात आणि जाणाऱ्याला जिवंतपणीच रडून घेतात. उद्या फिन्टन रुएनची मुलगी सोर्चा मेलबर्नला चालली होती. कामाचा व्हिसा कधीच आला होता.

फिन्टन सगळ्यांना चहा ओतत होता आणि आतून नुसता जळत होता. तरणाताठा असताना तोही लंडनला गेला होता, बोगदे खणायला. गेला कसला, पोटानं हाकलला होता. त्याच्या आधी त्याचा बाप तसाच गेला. परत आल्यावर फिन्टननं मनाशी ठरवलं होतं, आपल्या पोरीवर ही पाळी येऊ द्यायची नाही. आता शिकून इंजिनियर झालेली पोरगीही चालली, म्हणजे आपण हरलो, एवढंच त्याला कळत होतं.

तेवढ्यात शेजारच्या डेलियाबाईंनी डोळे मिटून सूर लावला. जहाज, किनारा, रडणारी म्हातारी आई. आता इथून जहाजानं कुणी जात नाही, पण डेलियाबाईंच्या गाण्यातलं जहाज काही बंदर सोडायला तयार नाही.

फिन्टनला ते सोसेना. किटली आपटून तो सगळ्यांदेखत म्हणाला, "सोर्चा, नको जाऊस. मी कौन्सिलातल्या माणसाशी बोललोय. रस्त्यांच्या खात्यात घेतील तुला. माझ्यासारखं तुलाही घालवून दिलेलं मला बघवणार नाही गं."

गाणं थांबलं. सोर्चानं हातातलं सँडविच खाली ठेवलं.

"डॅडी, कौन्सिलनं मला मागच्याच महिन्यात विचारलं. पक्की नोकरी. मी नाही म्हटलं."

"नाही म्हटलंस? डोकंबिकं फिरलंय का?"

"तिकडं अख्ख्या शहराखालून रेल्वे नेतायत. इथं मी काय खणू, चुलीत जाळायचं पीट? मला कुणी घालवत नाहीये, मलाच जायचंय. परत यायचं तेही माझं मी ठरवीन."

"म्हणजे बोगदा?" फिन्टनचा आवाज एकदम खाली आला.

"बोगदाच. लहानपणी मला झोपवताना तू दुसरं काय सांगायचास?"

"बघा तरी, केवढा तोरा!" डेलियाबाई पुटपुटल्या.

"असू दे तोरा!" फिन्टन म्हणाला. त्याचा ऊर भरून आला होता, डोळेही, आणि त्यानं ते पुसले नाहीत. "डेलिया, ते तुझं जहाज बुडव आता. आणि अकॉर्डियनवाले, तुम्ही नाचाचं काहीतरी वाजवा रे! माझा बाप गेला, मी गेलो, आम्हाला राहा म्हणायला इथं काही नव्हतंच. ही आमच्या घरातली पहिली, जिला राहा म्हटलं आणि तरी निघाली."

अकॉर्डियन सुरू झाला. फिन्टननं पोरीला हाताला धरून मधोमध ओढलं आणि नाचता नाचता तो ज्याला त्याला सांगत सुटला, "माझी पोरगी! इथली पक्की नोकरी नाकारून चाललीय!"