जिवंत मुलीचं सुतक

युद्धात आमच्या अंगणात तोफगोळा पडला आणि माझी धाकटी बहीण नुहाद कमरेपासून खाली लुळी झाली. त्या दिवसापासून आईनं काळे कपडे घातले. आमच्या डोंगरात घरातलं माणूस गेलं की बायका काळं घालतात. नुहाद तर समोर बसून जेवत होती.

आई तिच्याशी फार मऊ बोलायची, मरणाऱ्याच्या उशाशी बोलावं तसं. नुहादनं मुद्दाम कॉफीचं भांडं फोडलं, तरी "असू दे हं, राणी."

"ताई, मी मेलेय का गं?" नुहाद मला विचारायची. "एकदा तरी मला झापायला सांग ना तिला."

युद्ध संपलं. लहानपणी आमच्याबरोबर बर्फात घसरणारा शेजारचा तन्नूस फ्रान्सहून एक खुर्ची घेऊन आला. चाकांच्या जागी बर्फावर घसरायची एकच रुंद फळी, स्की, हातात धरायला दोन आखूड काठ्या, आणि मागं दोर. तो दोर तन्नूसच्या हातात.

"जिकडं जायचं तिकडंच बघ. नजर जाते तिकडं खुर्ची जाते. माझ्याकडं बघू नकोस, मी काही देखणा नाही."

"ते मला शाळेपासून ठाऊक आहे," नुहाद म्हणाली.

कितीतरी दिवस ती नुसती पडत होती. कुणीतरी आईला सांगितलं. रविवारी चर्चमधून ती तशीच तरातरा उतारापाशी आली, हे थांबवायला. मी मागं धावले. वर तन्नूसनं दोर सोडून दिलेला आम्हाला दिसला.

आणि नुहाद उतारावरून आली. मी तिला चालताना पाहिलं होतं, लग्नांत नाचताना पाहिलं होतं, पण अशी कधीच नाही. ती झुकली की सगळा डोंगर झुकल्यासारखा वाटे. मागं बर्फाची धूळ उन्हात पेटत होती. कालपर्यंत तिला 'बिचारी' म्हणणारी माणसं तोंड उघडं टाकून उभी होती. इतकं सुंदर काही मी अजूनही पाहिलेलं नाही.

"नुहाद!" आई किंचाळली.

नुहादनं आईकडं बघितलं. नजर वळली तशी खुर्ची वळली, सरळ आमच्या रोखानं आली आणि आईच्या पायाशी आडवी झाली.

"अक्कल गहाण टाकलीस का गं? टोपी कुठाय? मान मोडली असती म्हणजे? घोडी झालीस तरी पोरकटपणा जात नाही! चल घरी, बघते तुला!"

मी उचलायला वाकले. बर्फानं माखलेल्या नुहादनं माझा हात घट्ट धरला.

"थांब, ताई. तिला बोलू दे."