सूर्य झाकला, मी उघडलो

मित्रांनो, जरा वर बघा. खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगलेलं जाडजूड पितळी कुलूप दिसतंय ना? ते मीच. वय झालंय माझं, पण अजून मोडीत निघालेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सनीव्हेलच्या या अपार्टमेंटमध्ये येणारा प्रत्येक पाहुणा मला हातात तोलून बघतो आणि हे इथं कशाला टांगलंय म्हणून विचारतो. मग या घरची सुवर्णा हसत चहा टाकायला उठते, कारण गोष्ट लांबलचक आहे. आज ती मीच सांगतो. आपली गोष्ट आपण सांगितलेली बरी, दुसऱ्याच्या तोंडी मीठमसाला जास्त होतो.

माझा जन्म अलीगडच्या एका कारखान्यात झाला. पितळ वितळवून साच्यात ओतलं, कानशीनं घासघास घासलं, पोटात पोलादी पट्ट्या आणि स्प्रिंगा बसवल्या. कारागिरानं किल्ली फिरवली, खट् असा आवाज ऐकला आणि समाधानानं मान डोलावली. ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. तिथून रेल्वेनं धक्के खात मी हुबळीच्या बाजारात आलो आणि बाजारातून नंदाकाकूंच्या दारावर.

हुबळीत मराठी घरं पुष्कळ होती. काकांची नोकरी रेल्वेत. सुवर्णा त्यांची पुतणी. तिच्या वडिलांची सारखी बदली व्हायची, म्हणून ती शाळेसाठी काका-काकूंकडे राहायची. काकूंना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे या पोरीवर त्यांचा भारी जीव.

काकूंची एक सवय सांगतो, तुमच्याही घरी कुणाला असेल. कुलूप लावलं की ते ओढून बघायचं. चार पावलं जायचं, परत यायचं, पुन्हा ओढायचं. बोळाच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन "लावलं ना गं?" म्हणत तिसऱ्यांदा माघारी यायचं. काका वैतागून पुढं निघून जायचे. माझ्या कडीला रग लागायची, पण खरं सांगू? बरंही वाटायचं. एवढा भरवसा ठेवूनही एवढी विचारपूस आणखी कुणाची होते?

सुवर्णा दहा वर्षांची असताना हुबळीवर खग्रास सूर्यग्रहण आलं. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या की भरदुपारी अंधार पडेल, चांदण्या दिसतील. पोरगी आठवडाभर हवेत होती. पण घरात वेगळंच वारं होतं. काकूंनी पाण्यात, दुधात, लोणच्याच्या बरणीतसुद्धा तुळशीपत्र टाकलं, खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि मला आतल्या कडी-कोयंड्यात अडकवून किल्ली कमरेला खोचली. पोरीचे डोळे जातील, या भीतीनं त्यांचा जीव अर्धा झाला होता. सुवर्णा दाराशी बसून हमसून हमसून रडली. दाराखालच्या फटीतला उजेड विझला, बाहेर कावळे घरट्याकडे निघाले, मग उजेड परत आला. सूर्य काही तिला दिसला नाही. काकूंनी ग्रहण सुटल्यावर तिला गरम पाण्यानं न्हाऊ घातलं, शिरा करून भरवला. पोरीनं शिरा खाल्ला, पण त्या दिवसापासून तिच्या मनात एकच गोष्ट रुतून बसली. एकदा तरी काळा सूर्य बघायचाच.

वर्षं गेली. सुवर्णा इंजिनियर झाली, राजेशशी लग्न करून इकडं कॅलिफोर्नियात आली. काका गेले. मग दोन हजार एक साली सुवर्णानं काकूंना सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं आणि काकूंच्या बॅगेच्या साखळीला लटकून मीही विमानात बसलो.

इथं आल्यावर मात्र माझी पार रया गेली. मित्रांनो, या देशात दाराला कोयंडाच नसतो! कुलूप दाराच्या पोटातच असतं. काकूंनी पहिल्या दिवशी मला हातात घेऊन सगळं घर पालथं घातलं, बाथरूमचं दारसुद्धा तपासलं. मला अडकवायला एक जागा मिळेल तर शपथ. शेवटी मी स्वयंपाकघरातल्या खणात जाऊन पडलो, जुन्या बॅटऱ्या आणि पिझ्झाच्या कूपनांच्या शेजारी. तिथं एक नंबरांचं कुलूप होतं, सुवर्णाचं जिममधलं. त्याला ना किल्ली, ना वजन. तरी ऐट केवढी! मी त्याच्याशी बोललोच नाही. काकू मात्र अधूनमधून खण उघडायच्या, माझ्या पोटात खोबरेल तेलाचा थेंब सोडायच्या आणि किल्ली फिरवून बघायच्या. राजेश हसायचा. "काकू, त्याचा इथं काही यूज नाही," म्हणायचा. "असू दे राजेशराव," काकूंचं ठरलेलं उत्तर, "वापर नसला म्हणून गंजू द्यायचं का?"

सुवर्णा इथल्या एका हौशी आकाशनिरीक्षकांच्या क्लबात होती. त्या जूनमध्ये आफ्रिकेत खग्रास ग्रहण होतं आणि क्लबची मंडळी झिंबाब्वेच्या उत्तरेला माउंट डार्विन नावाच्या छोट्या गावी निघाली होती. सुवर्णानं आणि राजेशनं काकू यायच्या आधीच नावं दिली होती. पण त्या वर्षी ऑफिसांतून माणसं धडाधड कमी होत होती आणि राजेशला रजा मागायची छाती होईना. त्यानं आपलं जाणं कॅन्सल केलं. राहता राहिल्या काकू. राजेश रात्री उशिरा घरी यायचा, मग परक्या मुलखात इतके दिवस त्यांना एकटं कसं ठेवायचं? सुवर्णाचंही जाणं रद्द व्हायच्या बेतात आलं. तिचा उतरलेला चेहरा काकूंनी पाहिला आणि भाजी चिरता चिरता म्हणाल्या की मी येते तुझ्याबरोबर. तू तुझं ग्रहण बघ, मी खोलीत बसून जप करीन.

क्लबच्या सूचनांत एक ओळ होती. राहण्याची सोय स्वस्तातल्या हॉस्टेलमध्ये आहे, खोलीसाठी कुलूप आपापलं आणावं. काकूंनी त्याच क्षणी खण उघडला. त्या नंबरवाल्याकडे मी एकदाच वळून पाहिलं, बस्स.

काय सांगू तुम्हाला त्या हॉस्टेलबद्दल! पत्र्याचं छप्पर, दुमजली लोखंडी पलंग, अंगणात पाण्याचं पिंप, अंघोळीचं पाणी चुलीवर तापवलेलं. जमीन लाल पॉलिशनं अशी चकचकीत घासलेली की काकूंना हुबळीच्या घरातल्या कोब्याची आठवण झाली. आणि दाराला कडी-कोयंडा! कितीतरी महिन्यांनी मी खट् करून बसलो. काकूंनी मला ओढून पाहिलं, चार पावलं गेल्या, परत आल्या, पुन्हा ओढलं. मला भरून आलं.

हॉस्टेल चालवणाऱ्या बाईंना सगळे माई रुडो म्हणत. तिथं बाईला थोरल्या लेकराच्या नावानं ओळखतात, रुडोची आई म्हणून माई रुडो. "माई" शब्द ऐकून काकू एकदम घरच्यासारख्या वागू लागल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण चुलीपाशी त्यावाचून काही अडलं नाही. माई मक्याच्या पिठाचा सद्झा घोटायच्या. काकूंनी चाखून जाहीर केलं की ही तर आपली उकड, फक्त ताक आणि मिरची राहिली.

ग्रहणाचा दिवस उजाडला. आकाश निरभ्र. काकूंनी पहाटेच थंडगार पाण्यानं अंघोळ केली. सनीव्हेलच्या कुंडीतली तुळशीची पानं वाळवून त्यांनी डबीत आणली होती, ती पाण्याच्या पिंपात आणि माईंच्या सद्झाच्या पातेल्यात टाकली. माईंनी हसून टाकू दिली. मग काकू खोलीत गेल्या, खिडकीला सुवर्णाची सोलापुरी चादर लावली आणि म्हणाल्या की बाहेरून कुलूप लाव, नाहीतर कुणीतरी दार उघडेल आणि ग्रहणाचा उजेड आत येईल.

सुवर्णा मला हातात घेऊन उभी राहिली. तिच्या मनात काय चाललं असेल, ते मला माहीत होतं. एके काळी मी तिला आत ठेवलं होतं, आज ती काकूंना आत ठेवणार होती. तिनं दोनदा विचारलं, चल ना काकू बाहेर. काकूंनी नाही म्हणून मान हलवली. शेवटी तिनं मला लावलं, किल्ली गळ्यातल्या दोऱ्याला अडकवली आणि मला ओढून पाहिलं. चार पावलं गेली, परत आली, पुन्हा ओढलं. सवय कुणाची होती, हे सांगायला नको.

क्लबच्या दुर्बिणी शाळेच्या मैदानावर लावल्या होत्या, हॉस्टेलच्या समोरच्या चढावर. सुवर्णा तिकडं गेली. अंगणात मी आणि कोंबड्या उरलो.

दुपार कलली तसं ऊन थेट दारावर आलं. दार जुनं होतं, कोयंडा कधीतरी हलवलेला, त्यामुळे माझ्या शेजारी खिळ्यांची रिकामी भोकं होती, त्यांतून मला आतलं दिसायचं. प्रत्येक भोकातून उन्हाचा एक कवडसा आत जात होता. आणि मित्रांनो, त्या कवडशांनी कमाल केली. सूर्य कोरीसारखा होत गेला तशी आत काकूंच्या समोरच्या भिंतीवर छोट्या छोट्या चंद्रकोरींची रांग उमटली. खिडकी झाकली, दार लावलं, कुलूप घातलं, तरी ग्रहण भिंतीवर येऊन बसलं होतं!

आतून जपाचा आवाज येत होता. तो थांबला. मग काकू दाराजवळ आल्या. एका भोकावर त्यांनी बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. आतली एक कोर विझत होती, पेटत होती. काकू लहान मुलीसारख्या हसल्या, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. आणि मग त्यांनी दार ठोठावलं.

"सुवर्णा! दार उघड गं. मला बघायचंय."

माई रुडो धावत आल्या. त्यांनी मला हिसडे दिले, पण मी कसला हलतोय? किल्ली मैदानावर होती. माईंनी कमरेचं कापड वर खोचलं आणि चढावरून हाका मारत पळत सुटल्या.

तिकडं काय झालं, ते पुढं सुवर्णानं शंभर जणांना सांगितलंय, म्हणून मला माहीत. ती दुर्बिणीशी उभी होती. अंधार पडायला काही मिनिटंच उरली होती. जन्मभर ज्याची वाट पाहिली, ते समोर. तेवढ्यात माई दिसल्या, हातानं किल्ली फिरवल्यासारखं करत आणि वर सूर्याकडं बोट दाखवत. शेजारी क्लबातला विनय होता, मूळचा नागपूरचा. तो कळवळून म्हणाला, "आत्ता गेलीस तर टोटॅलिटी मिस होईल यार. तीन मिनिटांचाच तर खेळ आहे."

"दाराच्या आत बसून ग्रहण जाणं काय असतं, ते मला विचार," सुवर्णा म्हणाली आणि धावली.

मी तिला उतारावरून येताना पाहिलं. उजेड पोलादासारखा निळसर झाला होता, वारा गार पडला होता, कोंबड्या खुराड्यात शिरत होत्या. तिनं गळ्यातली किल्ली ओढली. किल्ली एकदा चुकली, दुसऱ्यांदा चुकली. मित्रांनो, मी पोटातल्या पट्ट्या सावरून तयार राहिलो. एवढ्या वर्षांची स्प्रिंग. आता अडकली तर पोरीचा दुसऱ्यांदा घात होणार होता, आणि काकूंचाही. किल्ली आत शिरली. तिनं फिरवली.

खट्!

पहिल्याच फेऱ्यात. खोबरेल तेलाच्या त्या एकेका थेंबाचं त्या क्षणी सोनं झालं.

दार उघडलं. सुवर्णानं काकूंना हाताला धरून अंगणात ओढलं, आपला ग्रहणाचा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला. शेवटची कोर विझली आणि तिनंच तो उतरवला. आता नुसत्या डोळ्यांनी बघायचं होतं. मी अजून सुवर्णाच्या मुठीत होतो, उघडा. वर सूर्याच्या जागी काळी कुळकुळीत चकती होती आणि तिच्याभोवती पांढऱ्या प्रकाशाची पिसं फुलली होती. चांदणी चमकत होती. मैदानावरून आरोळ्या येत होत्या, माई रुडो जीभ हलवून आनंदाची उंच लकेर काढत होत्या. सुवर्णा रडत होती आणि हसत होती. तिला दुर्बिणीची काही गरज पडली नाही.

काकूंनी हात जोडले. मग आकाशावरची नजर न काढता म्हणाल्या, "एवढं देखणं असतं होय हे. आणि मी तुला आत कोंडलं होतं."

"आज आपण दोघी बाहेर आहोत ना," सुवर्णा म्हणाली.

काळ्या चकतीच्या कडेला लखकन हिरा चमकला आणि सूर्य परत आला. ग्रहण सुटल्यावर दान द्यायचं असतं. काकूंनी अंगावरची शाल काढून माईंना पांघरली. माईंनी ओंजळभर भाजलेले शेंगदाणे काकूंच्या पदरात ओतले. त्या संध्याकाळी हॉस्टेलच्या अंगणात तुळशीपत्राचा सद्झा सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला.

परतल्यावर काकूंनी मला खणात जाऊ दिलं नाही. राजेशकडून खिळा ठोकवून घेतला आणि मला उघडाच इथं टांगलं. हुबळीला जाताना सुवर्णानं मला त्यांच्या बॅगेत ठेवायला काढलं, तर त्या नको म्हणाल्या. दर महिन्याला तेल घालायचं मात्र सुवर्णाला बजावून गेल्या, आणि ती घालते. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणी खणात पडलं असेल. त्याला तेलाचा थेंब द्या. कुलूप लागतं कधीही, पण वेळेवर उघडायला त्याला कुणी सांभाळलेलं असावं लागतं.

आज दोन हजार आठ साल आहे. परवा ऑगस्टच्या पहिल्या तारखेला भारतात ग्रहण होतं, थोडंच, खंडग्रास. इथं पहाट होती, तरी सुवर्णाची सहा वर्षांची लेक प्रीता उठून बसली आणि फोन स्पीकरवर टाकून ओरडली, "आजी, डिड यू सी इट?" पलीकडून आधी काकूंचा आवाज आलाच नाही, पोरांचा गलकाच आला. काकूंनी सगळी गल्ली ओट्यावर गोळा केली होती. आफ्रिकेहून आणलेला चष्मा पोरापोरांच्या हातातून फिरत होता आणि ढग सरले की काकू ओरडत होत्या, आता बघा रे, चष्मा लावून बघा.

सुवर्णानं विचारलं, "काकू, दार लावलंयस ना गं? सगळी बाहेर बसलात म्हणून म्हटलं."

"नाही बाई," काकू म्हणाल्या. "आज सताड उघडं ठेवलंय."