हातभर अंतर

करंजाड्याच्या विहाराच्या गच्चीवर बुद्धमूर्ती बसवायची होती आणि क्रेन आणली होती संघप्रियाने. कुठलं वजन कुठल्या क्रेनने कसं उचलायचं ते ठरवणं हेच तिचं तुर्भ्याच्या कंपनीतलं काम. त्यामुळे तिच्या वडिलांची, म्हणजे विहार समितीचे अध्यक्ष शिवराम यांची, सकाळपासून कॉलर ताठ होती. भेटेल त्याला सांगत होते, इंजिनिअर आमच्या घरचीच हाय.

चार्ट तिने नीट पाहिला होता. क्रेनच्या चार्टमध्ये वजन एकटं कधीच नसतं, त्याच्या शेजारी अंतर असतं. पाण्याची बादली अंगाशी धरली तर पेलते, हात लांब केला की खांद्यातून जीव जातो, क्रेनचंही तेच. गच्चीपर्यंत बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, झुकवल्यावर हुक आणि पट्ट्यांसकट चौदाशे किलो चालणार होते. मूर्ती ब्राँझची, आतून पोकळ, नऊशे किलोची. हा आकडा वडिलांचा. दुसरं कोणी असतं तर तिने वजनकाट्याची पावती मागितली असती. पण बापाकडे पावती कोण मागतं?

ट्रक क्रेनला चिकटून उभा होता, त्यामुळे मूर्ती सहज उचलली गेली. खाली टाळ्या झाल्या. संघप्रिया वॉकीटॉकी घेऊन गच्चीच्या कठड्याशी उभी होती. ऑपरेटर अंकुश बूम हळूहळू गच्चीकडे झुकवत होता आणि कठडा हातभर राहिला असताना अलार्म केकाटला. क्रेन जुनी. ती वजन दाखवत नाही, पण मर्यादा आली की ओरडते आणि पुढे जायला साफ नकार देते.

 अजून कितीतरी किलो शिल्लक असायला हवे होते. हिशेब कुठे चुकला ते संघप्रिया शोधतेय तोवर गच्चीवरच्या मंडळींनी स्वतःच तोडगा काढला. मूर्ती गरगरू नये म्हणून तिला बांधलेला दोर चौघांच्या हातात होता. मशीन थांबलं तर थांबलं, हातभर तर राहिलंय, असं म्हणत त्यांनी तो ओढायला घेतला. सगळ्यांत पुढे शिवराम. मूर्ती पुढे ओढली की अंतर वाढतं, आणि अंतर वाढलं की क्रेनची ताकद घटते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तिने खाली पाहिलं. क्रेन चार जॅकवर उभी असते, ते तिचे पाय. गच्चीपासून लांबच्या जॅकखाली फळी होती आणि जॅक आणि फळीच्या मधून उजेड दिसत होता.

"मॅडम, मागचा पाय उचलतोय," अंकुशचा आवाज आला. "बूम वर घेऊ?"

"थांब. आधी दोर ढिला होऊ दे." मग ती वडिलांकडे वळली. "आबा, ओढू नका."

शिवरामांनी मानही वळवली नाही. सगळ्या लोकांसमोर पोरीने हुकूम सोडलेला त्यांना आवडला नव्हता. झालंच की, एवढंच म्हणाले.

"आबा, मूर्तीत काय भरलंय?"

आता मात्र ते थबकले. दानाचा गाजावाजा करायचा नाही, विहारात कोणाच्या नावाची पाटी लावायची नाही, हा नियम त्यांचाच.

"काँक्रीट," ते हळूच म्हणाले. "मूर्तीच्या बैठकीत भरलंय. गच्चीवर वारा लय असतो. माझं दान होतं, सांगायचं कशाला?"

तिला त्यांचा संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. पण रागवायलाही सवड नव्हती. क्रेन उलटतेय म्हटल्याबरोबर बाकीचे तिघे दोर टाकून जिन्याकडे पळाले. एकटे शिवराम फरफटत कठड्याला येऊन भिडले. तेही सोडणार तेवढ्यात तिने मागून दोर धरला.

"झटक्यात नका सोडू. मूर्ती मागे जाईल आणि झोका घेऊन परत येईल. त्या झोक्यात क्रेन पडेल. माझ्याबरोबर वीत वीत सोडा."

शिवरामांनी ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा लेक सांगेल तसं, सांगेल तितकंच. हाताची सालटं निघाली तरी दोर निसटू दिला नाही. मूर्ती मागे सरकत बूमखाली सरळ झाली. तिने खूण करताच अंकुशने बूम वर घेतला, जॅक फळीवर टेकला आणि अलार्म बंद पडला.

मूर्ती परत ट्रकवर उतरली. शिवराम कठड्याला धरून उभे होते. त्यांनी विचारलं, "क्रेन पडली असती तर बूम कुठं आला असता?"

बूम जिथे आला असता तिकडे संघप्रिया वळली आणि बघतच राहिली. चौघांशिवाय गच्चीवर कोणी यायचं नाही, असं तिने बजावलं होतं. तरी पाण्याच्या टाकीआड बायका फुलांची ताटं घेऊन ओळीने बसल्या होत्या. कोणी खाली पाठवू नये म्हणून त्यांनी आडोसा धरला होता. सगळ्यांत पुढे तिची आई, सुंदराबाई. संघप्रियाला उत्तर द्यावं लागलं नाही.

"बसली का मूर्ती?" सुंदराबाईंनी तिथूनच विचारलं. "फुलं आणू?"

 शिवराम बायकोकडे बघत खाली बसले.