चेंडू नसतानाची सीमंतिनी

मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे, मित्रांनो. ग्वाल्हेरच्या माधवगंजात जगदेवरावांच्या घरी माझे आयुष्य गेले. लग्ने, मुंजी, गणपती, सगळे मी टिपले. लोक कौतुकाने म्हणत, "जगदेवरावांच्या कॅमेऱ्यातून नवरी कधी सुटत नाही." पुढे ज्याच्या त्याच्या हाती फोन आले आणि माझी रवानगी कपाटावरच्या पेटीत झाली. कित्येक वर्षे कोणी झाकणही उघडले नाही.

यंदाच्या एप्रिलात ते उघडले, ते नाइलाजाने.

जगदेवरावांची मुलगी सीमंतिनी शाळेच्या फुटबॉल संघात बचावाला खेळायची. बारावीनंतर तिला इंदूरच्या एका कॉलेजात खेळाडूंच्या जागेवर जायचे होते, कारण इथे तिला मिळणाऱ्या कॉलेजात मुलींचा संघच नव्हता. पण निवड चाचणीच्या वेळी ती टायफॉइडने कंपू भागातल्या दवाखान्यात पडून होती. कॉलेजच्या प्रशिक्षक लीलाताई फोनवर म्हणाल्या, "एक जागा उरलीय. एका सामन्याचं सलग चित्रण पाठवा. मग बघू."

सामनाही एकच उरला होता. मैत्रिणींच्या फोनमधल्या जुन्या चित्रणांत नुसते गोल होते, त्यांत सीमंतिनी कुठेच नव्हती. जगदेवरावांचा फोन उन्हात तापून बंद पडायचा. उरलो मी.

मैदानावर जगदेवरावांनी मला मुलीवर रोखले. चेंडू कुठेही जावो, ते मला तिच्यावरून हलवीनात. संघाचे शिक्षक दौलतसिंह जवळ आले. "भाईसाहब, गेंद दिखाइए. लड़की तो बस खड़ी है."

"कहाँ खड़ी है, वही दिखाना है," जगदेवराव म्हणाले.

आजारातून उठलेल्या सीमंतिनीला धाप लागत होती. उत्तरार्धात तिचा अंदाज चुकला, समोरची मुलगी तिला चकवून गेली आणि गोल झाला. मला भिंग मिटता आले असते तर मी मिटले असते. मी ते सगळे स्वच्छ टिपले.

शेवटी शेवटी माझी बॅटरी संपली. नेमक्या त्याच वेळी तिने गोलरेषेवरून चेंडू परतवला. सारे मैदान ओरडत होते आणि जगदेवराव पुन्हा पुन्हा माझे बटण दाबत होते. मी चालू झालो नाही.

घरी येऊन त्यांनी चित्रण पाहिले. चूक माझ्यापाशी होती, पराक्रम नव्हता.

"माझं सिलेक्शन नाही होणार, बाबा," सीमंतिनी म्हणाली.

"तो गोल काढून टाकू," जगदेवराव म्हणाले. "कोणाला पता नाही चालणार."

तिने चित्रण त्या गोलाच्या पुढे सरकवून पाहिले. "काढू नका. मग त्याच्यानंतर मी काय केलं, तेपण जाईल न."

अपुरे चित्रण तसेच गेले. मग नुसती वाट पाहणे. आई शालिनीताई फोन उशाशी घेऊन झोपत. सीमंतिनी जेवणावरून अर्धवट उठे. मी टेबलावर पडून हे पाहत होतो आणि काही करू शकत नव्हतो.

शेवटी लीलाताईंचा फोन आला. "चित्रण अपुरं आहे," त्या म्हणाल्या. "पण गोल खाल्ल्यावर ही रडणाऱ्या गोलकीपरला उठवते, बाकीच्यांना ओढून जागेवर उभं करते. सगळ्यांनी मला आपापले गोल पाठवले. चुकल्यावर मुलगी काय करते, ते कोणीच नाही पाठवलं. सोमवारी घेऊन या. समोर खेळवून बघते."

सीमंतिनी गेली, खेळली आणि ती जागा तिला मिळाली.

माझी बॅटरी मात्र आता फुगली आहे. नया बाजारातला दुकानदार म्हणतो, असली आता येत नाही. मित्रांनो, उद्या तुम्ही कोणाची निवड करायला बसाल, तेव्हा थोडा वेळ चेंडूवरून नजर काढा. आणि घरातली जुनी वस्तू चालू आहे तोवर तिची निगा राखा. सीमंतिनीने रेषेवरून परतवलेला तो चेंडू आज जगात कोणाकडेच नाही. माझ्याकडे त्या जागी फक्त अंधार आहे.