शिव्या देणाऱ्या पोपटाचं घर

वेबसाइट तयार झाली आणि दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. गावच्या बेकरीची घरपोच यादी आणि टॅक्सीवाल्या एद्गारची फेऱ्यांची वही, दोन्ही एकाच नकाशावर! टॅक्सी कुणाच्या वाटेने जाते ते बघायचं आणि पाव तिच्यातूनच पाठवायचा. लोकांची खासगी माहिती फुटायला नको, म्हणून नावं आणि फोन नंबर मी आधीच पुसले होते. हुशारच ना मी!

पाच वाजता सभागृहात गावाला दाखवायचं होतं. चारला सहज मंगळवारवर बोट ठेवलं. दुपारी तीनला टॅक्सी, कुठून? ‘तोडलेल्या अंजिराच्या झाडापासून पन्नास मीटर दक्षिणेला, शिव्या देणारा पोपट’. कुठे? ‘शाळेपासून शंभर मीटर पूर्वेला, मारिम्बा वाजते ते घर’. आणि त्याच वेळी मारिम्बाच्या घरी बेकरीतून अननसाचा केक, दोन माणसांचा. सलग अकरा मंगळवार.

मारिम्बा, ते लाकडी पट्ट्यांचं वाद्य, गावात वाजवतात एकटे उलीसेस मास्तर. शिव्या देणारा पोपट आमचा. आणि माझी आई मंगळवारी तीनला चर्चमध्ये जपमाळेला जाते म्हणे!

आमच्या कोस्टा रिकात घराला नंबर कुठला? पत्त्यातच माणूस बसलेला असतो. तो पुसायचा राहिला होता. आधी मला इतकं हसू फुटलं की कॉफी नाकात गेली. आई, आणि लपूनछपून! मग क्लेओतिल्दे आत्या आठवली. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, तरी भावासाठी अजून काळे कपडे घालते. तिने हे पाहिलं असतं तर आईला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

धडाधड सगळे पत्ते उडवले. आता फक्त आळी दिसणार, आणि पाचपेक्षा कमी नोंदी असतील तर काहीच नाही. पाचला दोन मिनिटं कमी असताना नकाशावर तीन गलेलठ्ठ गोळे उरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात आत्याने.

घरी येऊन मी आईपाशी सगळं ओकले. ती लाजेल असं वाटलं होतं, तर ती पोट धरून हसायला लागली.

“अगं, एद्गारच मला सोडतो. बेकरीवाली केकसोबत दोन चमचे आठवणीने देते. आणि मंगळवारी मी लावून जाते ते अत्तर कुणी दिलं वाटलं तुला? क्लेओतिल्देने.”

“म्हणजे सगळ्यांना माहीत आहे?”

“ज्याला त्याला आपापल्यापुरतं. ते जोडून चारचौघांत मांडायचं नसतं, एवढं वळण गावाला आहे. तुझ्या त्या नकाशाला नव्हतं, बाळा.”

लावलं वळण. वेबसाइट आता जोरात चालते. फक्त मंगळवारी तीन ते पाच दुरुस्तीसाठी बंद असते. सहा महिने झाले, का म्हणून एकानेही विचारलेलं नाही.